ड्रमर जर्मनीला चाललाय, गायिकेला पाचवा महिना आहे: ईपी आत्ता करायचा की थांबायचं?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातला पाच जणांचा बँड. पाच गाणी बसलेली आहेत, स्टेजवर वाजवून झालेली आहेत. ड्रमर सप्टेंबरअखेर एमएससाठी जर्मनीला निघणार, पेटीही वाजवणाऱ्या गायिकेला मे महिन्यात पाचवा महिना चालू आहे, ढोलकी-तबला वाजवणारा नोकरीमुळे फक्त शनिवार-रविवार मिळतो आणि खिशात पैसे बेताचे. एका दमात ईपी (चार-पाच गाण्यांचा छोटा अल्बम) करावा, एकेक गाणं सोडावं, की सगळं स्थिरस्थावर झाल्यावर निवांत बसावं?

स्थिरस्थावर होणं हा प्रकार बँडच्या आयुष्यात नसतो. बाळ मोठं होईपर्यंत बेसवाल्याची बदली होते, तो परत येतो तोवर गिटारवाल्याचं लग्न ठरतं. तेव्हा थांबू नका. पण घाईने रिलीजही करू नका. रेकॉर्डिंग आणि रिलीज ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांच्यात वर्षभराचं अंतर पडलं तरी काही बिघडत नाही. रेकॉर्डिंगचं वेळापत्रक माणसांच्या जाण्यायेण्यावर ठरवा, गाण्यांच्या क्रमावर नाही. जो आधी जाणार त्याचं आधी. बाकीच्यांचं नंतर, जमेल तसं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच देशात आहे. दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडचे असीम चक्रवर्ती, म्हणजे त्यांचा आवाज आणि तबला दोन्ही, डिसेंबर २००९ मध्ये गेले. पण त्यांचं गाणं आणि वाजवणं आधीच रेकॉर्ड होऊन पडलेलं होतं. जुलै २०१० पासून बँडने तो अल्बम, '१६/३३० खजूर रोड', महिन्याला एक गाणं या हिशेबाने मोफत डाउनलोडला ठेवला. नाव बँडच्या करोलबागेतल्या तालमीच्या घराच्या पत्त्यावरून घेतलेलं. तुमचा ड्रमर फक्त शिकायला चाललाय, देव त्याला उदंड आयुष्य देवो. पण हिशेब तोच आहे: वाजवलेलं ड्राइव्हवर असेल तर ते कधीही बाहेर काढता येतं.

आता कामाचं बोलू.

स्टुडिओ बुक करायच्या आधी जॅमरूममध्ये दोन-तीन बैठका फक्त टेम्पोसाठी घाला. फोन रेकॉर्डिंगला लावून मध्ये ठेवा, पाचही गाणी सलग वाजवा, घरी जाऊन प्रत्येकाने मोजा. बहुतेक बँडचं असं होतं की गाणं ९२ बीपीएमला (मिनिटाला ९२ ठोके) ठरवलेलं असतं आणि स्टेजवर ९८ ला पळत असतं. कुठला आकडा खरा ते तालमीतच ठरवा, स्टुडिओत तासाचे पैसे मोजत ठरवू नका. तुमच्याकडे ढोलकी आहे म्हणून एक खास सूचना. लग्गी (ढोलकी-तबल्याचा द्रुत, खेळकर तुकडा) सुरू झाली की लय थोडी चढते, ती चढायलाच हवी. शेवटपर्यंत एकाच आकड्याचा क्लिक (कानात वाजणारा मेट्रोनोम) लावलात तर लग्गी बांधून घातल्यासारखी वाजते आणि मग सगळे म्हणतात, "लाइव्हची मजा नाही आली." क्लिकच्या नकाशातच त्या ठिकाणी दोन-तीन बीपीएम वाढवून ठेवा. ऐकणाऱ्याला कळत नाही, वाजवणाऱ्याच्या खांद्यावरचं ओझं मात्र उतरतं.

मग गाइड, म्हणजे बाकीच्यांना ऐकत वाजवता यावं म्हणून आधी घेतलेला कच्चा ट्रॅक. गाइड म्हणजे टाकाऊ ट्रॅक, असं समजून कुठल्यातरी मायक्रोफोनवर कसंतरी गाऊन घेतलं जातं. तुमच्या बाबतीत तसं करू नका. गायिकेचं गाइड नीट कंडेन्सर मायक्रोफोनवर, शांत खोलीत, अंतिम टेक असल्याच्या तयारीने घ्या. कारण पुढे सांगतो. गिटार आणि बेसही डीआयमधून (अँपशिवाय, थेट केबलने) कोरे घेऊन ठेवा. अँपचा टोन नंतर रीअँप करून, म्हणजे तोच ट्रॅक अँपमधून वाजवून, कितीही बदलता येतो.

बजेटमधला मोठा वाटा ड्रम्सवर जाऊ द्या. बेस, गिटार, पर्कशन, अगदी गायनसुद्धा बऱ्या खोलीत गाद्या-रजया टांगून घरी होऊ शकतं. ड्रम्सना चांगली खोली, भरपूर मायक्रोफोन आणि तितकेच प्रीअँप लागतात, ते घरी जमत नाही. दोन शिफ्ट घ्या. एका शिफ्टमध्ये पाच गाणी होतात, असं जो सांगेल त्याला विचारा की त्यात सेटअप धरलाय का.

पहिल्या शिफ्टचा अर्धा वेळ एकही टेक न घेता गेला तर अस्वस्थ होऊ नका. ड्रम्सवरच्या स्किन नव्या हव्यात, पण त्या सत्राच्या सकाळी नाही, आदल्या दिवशी चढवा. नवी स्किन ताणत राहते, तासाभरात सूर उतरतो. स्नेअर (सेटमधला करकरीत आवाजाचा ड्रम) प्रत्येक गाण्याच्या सुराशी ताडून बघा, एखाद्या गाण्यात तिचा घुमारा षड्जाशी भांडत असतो आणि मिक्समध्ये तो कुठल्याच ईक्यूने मिटत नाही. वरचे दोन ओव्हरहेड मायक्रोफोन टेपने मोजून स्नेअरच्या मध्यापासून सारख्या अंतरावर लावा, नाहीतर स्नेअर एका बाजूला झुकल्यासारखी ऐकू येईल. लेव्हल २४ बिटमध्ये उणे दहा-बारा डेसिबलच्या आसपास पीक होऊ द्या. लाल दिवा लागेपर्यंत चढवायची काही गरज नसते. आणि ड्रमरला एक गोष्ट मी नेहमी सांगतो: स्किन जोरात, झांजा हलक्या. स्टेजवर उलटं चालतं. स्टुडिओत झांजांचा आवाज प्रत्येक मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि मग गायिकेचा आवाज वर काढताना जीव जातो.

तुमचा माणूस निघून जाणार म्हणून टेक झाल्यावर आणखी दोन कामं करून घ्या, ती सहसा कुणी करत नाही. प्रत्येक गाण्याचा सेट हलवायच्या आधी किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर, टॉम, प्रत्येक झांज, सगळ्यांचे सुटे फटके रेकॉर्ड करा, हलक्यापासून जोरापर्यंत, प्रत्येक फटका पूर्ण विरेपर्यंत थांबून. पुढे एखादी किक कमजोर निघाली तर त्याच ड्रमची, त्याच खोलीतली किक हाताशी असेल. दुसरं, प्रत्येक गाण्याच्या टेम्पोला दोन मिनिटं साधा ठेका आणि चार-पाच वेगवेगळे फिल (ठेक्याच्या मधले भरीचे तुकडे) वाजवून घ्या. नोव्हेंबरमध्ये तुम्हाला वाटणार आहे की तिसऱ्या गाण्याचा अंतरा दुप्पट करावा. तेव्हा ड्रमर म्युनिकमध्ये लायब्ररीत बसलेला असेल.

ड्रम्स जूनमध्ये उरका. त्यानंतर लगेच गायिका.

माझ्या अनुभवात सहावा-सातवा महिना गायला बरा जातो. मळमळ गेलेली असते, आवाजात छान भरीवपणा येतो. आठव्यापासून बाळ वर सरकतं, श्वासपटलावर दाब येतो, लांब श्वासाच्या ओळी तुटायला लागतात आणि ॲसिडिटीने गळा खरखरतो. त्यामुळे लांब आलापाची, वरच्या पट्टीची गाणी आधी घ्या. बसून गायचं असेल तर उंच स्टूल द्या, पोट दबणार नाही असं. एका दिवशी एकच गाणं, दोन तासांच्या वर नाही, दर अर्ध्या तासाने चक्कर मारायला मोकळीक. तालमीत तिला ड्रम्सच्या आणि बेस कॅबिनेटच्या शेजारी तासन्‌तास उभं करू नका, लांब बसू द्या आणि डॉक्टरांना विचारून घ्या. तिला जे झेपेल ते तीच सांगेल. "अजून एक टेक घे ना" हे वाक्य या दोन महिन्यांपुरतं बँडच्या शब्दकोशातून काढून टाका. आणि समजा मध्येच डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, तर ते नीट घेतलेलं गाइड आहेच. किती बँडच्या बाबतीत मी शेवटी गाइडमधल्याच ओळी वापरल्यात! माणूस गाइड गाताना घाबरलेला नसतो.

जूनच का, याला पुण्यापुरतं आणखी एक कारण आहे. घरी गायन घ्यायचं असेल तर ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू व्हायच्या आत घ्या. नदीकाठच्या बाजूला राहणाऱ्यांना सांगायला नको. खोली कितीही बंद करा, ढोलाचं ते खालचं 'धम्म' भिंतीतून येतंच, आणि कंडेन्सरला ते आपल्यापेक्षा चांगलं ऐकू येतं.

ढोलकी-तबलावाला शनिवार-रविवारचा आहे, तो पुण्यातच आहे, त्याला शेवटी ठेवलं तरी चालेल. फक्त पावसाळ्यात चामडं सैल पडतं आणि एसी खोलीत कोरड्या हवेने चढतं. वाद्य बाहेरून आणून थेट वाजवायला घेतलं की पहिल्या टेकला लावलेला सूर चौथ्या टेकला राहत नाही. खोली रेकॉर्डिंगच्या तापमानाला आणा, वाद्यं तासभर पिशवीतून बाहेर काढून ठेवा, मग हातोडी हातात घ्या. टेक चालू असताना एसी बंद आणि टेकच्या मध्ये चालू, असा खेळ केलात तर दिवसभर गट्टेच ठोकत बसाल.

पेटीच्या गाण्याचं मात्र बेस-गिटार घ्यायच्या आधी ठरवा. पेटी जागेवर सुरात लावता येत नाही, तिचे सूर पत्तीवर घासून ठरलेले असतात, आणि जुनी पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला असेलच असं नाही. ट्यूनरसमोर एक स्वर धरून बघा. काटा थोडा वर दाखवत असेल तर गिटार, बेस, तबला सगळ्यांनी पेटीकडे जायचं. ती तुमच्याकडे येणार नाही. हे तपासलं नाही तर शेवटी "काहीतरी बेसूर आहे, पण काय ते कळत नाही" असलं मिक्स हातात पडतं आणि दोष गायिकेवर जातो.

ड्रमर तिकडे गेल्यावरही फायलींची देवाणघेवाण चालू राहील, त्याचे नियम आत्ताच घालून ठेवा. सगळं ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. प्रत्येक फाइल पहिल्या बारपासून सुरू होणारी, मध्ये कितीही शांतता असली तरी. फाइलच्या नावात गाणं, वाद्य, टेम्पो, तारीख. 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशी नावं बघितली की मला कपाळावर हात मारावासा वाटतो. सेशनच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी. ड्रमरचे ट्रॅक तर ज्या दिवशी घेतले त्याच रात्री कॉपी व्हायला हवेत, कारण ते पुन्हा घेता येणार नाहीत.

आता जो विषय तुम्ही विचारलाच नाही आणि जो सगळ्यात आधी विचारायला हवा होता: हे कुणाच्या मालकीचं?

गाण्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. शब्द लिहिणाऱ्याचे, चाल बांधणाऱ्याची. पण रेकॉर्डिंगच्या बाबतीत १९५७ चा कॉपीराइट कायदा निर्माता कुणाला म्हणतो? ते करण्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी ज्याने घेतली त्याला. म्हणजे गिटारवाल्याने स्वतःच्या नावावर स्टुडिओ बुक केला, पैसे भरले आणि बाकीच्यांनी "नंतर बघू" म्हटलं, तर उद्या भांडण झाल्यावर मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, त्याचाच असं तो म्हणू शकतो आणि त्याचं म्हणणं अगदीच पोकळ ठरणार नाही. चांगली मैत्री असलेले बँड याच एका मुद्द्यावर फुटलेले मी बघितलेत, आणि बहुतेकदा कुणीतरी शहर सोडून गेल्यावरच. ड्रमर विमानात बसायच्या आधी एक पानभर करार करा. मास्टरमध्ये कुणाचा किती हिस्सा, खर्च वसूल झाल्यावर वाटणी कशी, सोडून गेलेल्याचा हिस्सा राहतो की नाही, बँडचं नाव कुणाकडे. मराठीत लिहा, स्टॅम्पपेपरवर सह्या करा. वकील परवडला तर उत्तमच, नाही परवडला तरी पान हवंच. माझं मत विचाराल तर या पाच गाण्यांच्या मास्टरमध्ये ड्रमरचा हिस्सा कायम ठेवा, तो पुढच्या गाण्यांत असो वा नसो.

शब्द आणि चाल ज्यांची, त्यांनी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घ्यावं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काला कायद्याने चांगलं संरक्षण मिळालंय, पण नोंदणीच नसेल तर पैसे तुमच्यापर्यंत पोचणार कसे? फक्त गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी वेगळी संस्था आहे, इसाम्रा (आधीचं नाव इस्रा).

तुम्ही लिहिलंय की एक गाणं तुकोबांच्या अभंगावर आहे आणि एका गाण्यात कुसुमाग्रजांच्या चार ओळी आहेत. अभंगाच्या शब्दांना कुणाची परवानगी लागत नाही. चाल मात्र खरंच तुमची आहे ना, एवढं बघा. कानात लहानपणापासून मुरलेली चाल आपलीच वाटायला लागते, आणि ती श्रीनिवास खळ्यांची निघते. खळे २०११ मध्ये गेले. आपल्याकडे हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत. त्याच हिशेबाने १९९९ मध्ये गेलेल्या कुसुमाग्रजांच्या कवितेवरचे हक्क २०५९ संपेपर्यंत आहेत, त्यामुळे त्या चार ओळींसाठी ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांची लेखी परवानगी आणा. चारच ओळी आहेत म्हणून सूट मिळेल, या भरवशावर राहू नका. परवानगीला वेळ लागतो, पत्र आजच टाका. मिळाली नाही तर ते गाणं ईपीच्या बाहेर ठेवून बाकीची चार पुढे न्या. कवितेचीच ओढ असेल तर मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता २०१७ पासून खुल्या आहेत.

मिक्स-मास्टरिंगवर मी फार लिहीत नाही, त्यावर मतं देणारे पुष्कळ आहेत. एवढंच: ज्याने रेकॉर्ड केलं त्यालाच मास्टरिंग करू देऊ नका, ताजे कान हवेत. आणि उणे १४ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) या आकड्याची पूजा करू नका. स्पॉटिफाय आवाज त्या पातळीला आणून वाजवतं, हे खरं, पण गाणं कसं वाजतंय ते बघा. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं शिखर, उणे एक डेसिबलच्या खाली राहिला की बास.

रिलीज. बाळ सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला येणार. त्या काळात काहीही रिलीज करायचं नाही. गणपतीत गणपतीची गाणी चालतात, दिवाळीत पहाटेचे कार्यक्रम, आणि तुमची गायिका रात्रीची जागरणं करत असेल. मिक्स त्या काळात होऊ द्या. जानेवारीपासून सुरू करा: एक गाणं, सहा-सात आठवड्यांनी दुसरं, मग पूर्ण ईपी. आधी सोडलेली गाणी ईपीत घेताना त्यांचा आयएसआरसी तोच ठेवा. हा रेकॉर्डिंगला मिळणारा बारा अक्षर-आकड्यांचा क्रमांक. तोच असला की आधी ऐकली गेलेली मोजणी ईपीतल्या गाण्याला जोडली जाते. वितरक बदललात तरी जुना क्रमांक घेऊनच जा.

वितरक निवडताना एकच प्रश्न विचारा: वर्षाची फी भरायची राहिली तर गाणी उतरवतात का? डिस्ट्रोकिडसारख्या वार्षिक वर्गणीच्या सेवेत तसं होऊ शकतं, सीडी बेबी एकदाच पैसे घेतं पण कमाईत हिस्सा ठेवतं. पाच जण तीन दिशांना पांगणार आहेत, दरवर्षी कुणाच्या कार्डावरून पैसे जायचे यावरून वाद व्हायला नको, म्हणून मी तुम्हाला एकरकमीकडे ढकलेन. फाइल रिलीजच्या तीन-चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं रिलीजच्या किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं, पण शेवटच्या आठवड्यात पाठवलेलं कोण ऐकणार? भाषा भरताना 'मराठी' निवडलंय ना ते दोनदा बघा. हिंदीत जाऊन पडलेलं एक तरी मराठी गाणं मला दर आठवड्याला सापडतं.

पैशांची आशा स्ट्रीमिंगवर ठेवू नका. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याचे बारा महिन्यांत हजार स्ट्रीम होत नाहीत त्याला रॉयल्टीच्या मोजणीत धरतच नाहीत. बँडकँप या संगीतविक्रीच्या साइटवर ईपी ठेवा. तिथे लोक विकत घेतात, डिजिटल विक्रीतले १५ टक्के आणि पेमेंटची फी वजा जाऊन बाकी तुमचे. कॅलिफोर्नियाच्या बे एरियात किंवा लंडनमध्ये बसलेला तुमचा कॉलेजातला मित्र दहा डॉलर देईल. तोच मित्र हजार वेळा स्ट्रीम करणार नाही.

रिलीजला ड्रमर इथे नसेल, गायिका बाहेर पडू शकणार नाही, मग व्हिडिओचं काय? तो आत्ताच घ्या. ड्रम्सच्या शिफ्टला आणि गायनाच्या दिवसांना दोन फोन ट्रायपॉडवर लावून ठेवा, पूर्ण टेक सलग. गायिकेला पोट दिसलेलं चालणार आहे का, हे तिलाच विचारा. चालणार असेल तर लपवायला चादरी-फुलदाण्या मांडू नका.

राहता राहिला निरोपाचा कार्यक्रम, जो तुम्ही सप्टेंबरमध्ये करणार म्हणताय. मी असतो तर तो ऑगस्टच्या सुरुवातीला, गायिकेला उभं राहणं जड व्हायच्या आत केला असता. छोटी जागा, साठ-सत्तर माणसं, खुर्च्या. साउंडवाल्याकडे एक्स ३२ किंवा तसा डिजिटल मिक्सर असेल तर एका यूएसबी केबलने सगळी चॅनेलं वेगवेगळी लॅपटॉपवर उतरवता येतात. वेगळे पैसे नाहीत, फक्त त्याला आदल्या दिवशी सांगा आणि लॅपटॉपवर ड्रायव्हर टाकून तपासून या. टाळ्यांसाठी दोन मायक्रोफोन प्रेक्षकांकडे तोंड करून लावा, ते सगळे विसरतात. इंडियन ओशनचा 'डेझर्ट रेन' हा १९९७ चा अल्बम असाच दिल्लीतल्या एका कार्यक्रमाच्या लाइव्ह रेकॉर्डिंगमधून झाला. तुमच्याकडे मग स्टुडिओची पाच आणि लाइव्हची पाच अशी दहा रेकॉर्डिंग होतील. लाइव्हला वेगळे आयएसआरसी घ्यायचे, आणि मास्टरच्या करारात त्यांचाही उल्लेख करायचा.

स्टुडिओ ठरवायला मदत हवी असेल तर ड्रमची खोली बघायला जाताना स्नेअर घेऊन जा, मध्यभागी उभं राहून दोन फटके मारा आणि फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. ऐकून सांगतो.